पदरी आलेला क्रूस

(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त नोव्हेनाच्या अखेरच्या सायंकाळी देवळात केलेले भाषण)



आपल्या धर्मग्रामास उद्या पन्नास वर्षे पूर्ण होत आहेत. देवळाला नवा रंग लागला आहे, वेदी फुलांनी भरली आहे, बँडवाल्यांची तालीम गेले आठ दिवस आम्हांस झोपू देत नाही, आणि माहेरवाशिणी मुलाबाळांसह घरोघर उतरल्या आहेत. अशा आनंदाच्या वेळी धर्मगुरूने उभे राहून कष्टांविषयी, त्यागाविषयी आणि क्रूसाविषयी बोलावे, हे आपणांपैकी काहींस रुचणार नाही. लग्नघरी रडगाणे कशाला, असेही कोणी मनात म्हणेल. तथापि हा विषय आम्ही जाणूनबुजून घेतला आहे.

ह्या महोत्सवाच्या स्मरणिकेत देणगीदारांची नावे छापली जातील, आणि ती छापावीत हे योग्यच आहे. परंतु हे देऊळ उभे राहत असताना ज्या आयाबायांनी रोजच्या भाताच्या तांदळातून एकेक मूठ देवळासाठी बाजूला काढली, त्यांची नावे कोणत्याही वहीत लिहिलेली नाहीत. जे दिवसभर वाडीत खपले आणि रात्री पेट्रोमॅक्सच्या उजेडात पायाचे दगड वाहू लागले, त्यांचीही नाहीत. त्यांच्यापैकी पुष्कळजण आज देवळामागच्या स्मशानभूमीत विसावले आहेत. आपला उत्सव त्यांच्या कष्टांवर उभा आहे. मग त्या कष्टांचे नाव न घेता उत्सव कसा साजरा करावा?

प्रभू येशूने आपल्या शिष्यांपासून काही लपवून ठेवले नाही. आपल्यामागे येऊ पाहणाऱ्याने आपला हट्ट सोडावा, आपला क्रूस खांद्यावर घ्यावा आणि मग चालू लागावे, ही अट त्याने आरंभीच घातली. संत लूकने ही अट लिहिताना 'दररोज' हा एक शब्द अधिक दिला आहे. तो शब्द लहान आहे, पण भार त्याचाच आहे. एका दिवसाचे शौर्य पुष्कळांना साधते. रोजचे साधणे कठीण. शिवाय प्रभूने 'आपला क्रूस' असे म्हटले आहे. शेजाऱ्याचा नव्हे, आपल्या आवडीचाही नव्हे, तर आपल्या वाट्याचा. हा आपला क्रूस कोणता, आणि तो ओळखावा कसा, एवढेच आज आम्हांस सांगावयाचे आहे. त्यासाठी फार लांबचे उदाहरण शोधावयास नको. आपल्या वसईच्याच मातीत जन्मलेल्या संत गोन्सालो गार्सियाचे चरित्र आपल्यापुढे आहे.

गोन्सालोचा जन्म सुमारे १५५६ साली वसईस झाला. त्या वेळी येथे पोर्तुगीजांचा अंमल होता. त्याचा बाप पोर्तुगीज होता व आई ह्याच भागातली होती. येशूसंघीय धर्मगुरूंच्या हाताखाली तो शिकला आणि कोवळ्या वयातच त्यांच्याबरोबर जपानला गेला. तेथे त्याने जपानी भाषा आत्मसात केली आणि धर्मशिक्षक म्हणून काही वर्षे सेवा केली. येशूसंघात आपल्याला प्रवेश मिळावा, ही त्याच्या मनातली मोठी इच्छा होती. ती पूर्ण झाली नाही.

बंधुभगिनींनो, येथे क्षणभर थांबा. आपण संतांची चरित्रे वाचतो तेव्हा शेवट ठाऊक असल्यामुळे मधली दुःखे आपल्याला हलकी वाटतात. पण त्या तरुणाच्या जागी स्वतःला ठेवून पाहा. ज्या देवासाठी घरदार सोडले, ज्याच्यासाठी परक्या मुलखात परकी भाषा शिकलो, त्याच्या सेवेचे जे दार आपण ठोठावले ते उघडले नाही. असा मनुष्य कडू होतो. देवळाची पायरी पुन्हा चढणार नाही, असे म्हणणारी माणसे आम्ही ह्याहून पुष्कळ लहान कारणांवरून पाहिली आहेत. मिरवणुकीत पालखीला खांदा देण्याचा मान मिळाला नाही, एवढेही कारण पुरते.

गोन्सालो कडू झाला नाही. त्याने व्यापार धरला व त्यात त्याचा जमही बसला. पण मन तेथे रमले नाही. पुढे फिलिपाईन्स बेटांतील मनिला शहरी त्याची फ्रान्सिस्कन संघाच्या साधूंशी ओळख झाली आणि तेथे तो त्या संघात बंधू म्हणून दाखल झाला. धर्मगुरुपदाची दीक्षा त्याला कधीच मिळाली नाही. तो अखेरपर्यंत साधा बंधूच राहिला.

१५९३ साली मनिलाच्या गव्हर्नराने फ्रान्सिस्कन संघातील फादर पेद्रो बाप्तिस्ता ह्यांस जपानचा सत्ताधीश हिदेयोशी ह्याजकडे वकील म्हणून पाठविले. त्यांना दुभाषा पाहिजे होता. तेव्हा लहानपणी शिकलेली ती जपानी भाषा कामास आली! ज्या वर्षांचे काही चीज झाले नाही असे गोन्सालोला वाटले असेल, ती वर्षे देवाने जपून ठेवली होती. क्योतो शहरी ह्या साधूंनी देऊळ बांधले, आणि कुष्ठरोग्यांसाठी रुग्णालये काढून समाजाने टाकलेल्या त्या माणसांच्या जखमा आपल्या हातांनी धुतल्या. ही गोष्ट ध्यानात ठेवा. पुढे आम्हांस तिचे काम पडणार आहे.

परदेशी धर्मप्रचारकांनी देश सोडून जावे, असा हुकूम हिदेयोशीने १५८७ सालीच काढला होता. परंतु त्याची अंमलबजावणी सैल होती. १५९६ च्या ऑक्टोबरात 'सान फेलिपे' नावाचे स्पॅनिश जहाज वादळात सापडून जपानच्या तोसा किनाऱ्यावर फुटले. त्यावरचा माल सरकारजमा झाला, तंटा वाढला, आणि हे धर्मप्रचारक परकीय सैन्याच्या आधी पाठविलेली माणसे आहेत असा संशय हिदेयोशीच्या मनात भरला. डिसेंबरात धरपकड झाली. नव्या वर्षाच्या आरंभी क्योतोत कैद्यांच्या डाव्या कानांची पाळी छाटून त्यांची गाड्यांतून धिंड काढण्यात आली. शिक्षा मात्र नागासाकीला द्यावयाची होती, कारण तेथे ख्रिस्ती लोकांची वस्ती मोठी होती आणि त्यांना दहशत बसावी हा हेतू होता.

क्योतो ते नागासाकी हे अंतर सुमारे ८०० किलोमीटर. दिवस कडाक्याच्या हिवाळ्याचे. जवळजवळ एक महिना ही माणसे त्या वाटेने चालविली गेली. आरंभी ते चोवीस होते. वाटेत त्यांची सेवा करावयास आलेले दोघेजण त्यांच्यातच धरले गेले आणि संख्या सव्वीस झाली. सहा फ्रान्सिस्कन, तीन येशूसंघीय, आणि सतरा साधे प्रापंचिक ख्रिस्ती. त्यांत लुई इबाराकी हा बारा वर्षांचा, आंतोनियो तेरा वर्षांचा, आणि थॉमस कोझाकी चौदा वर्षांचा. थॉमसचा बाप मायकेल त्याच्याबरोबरच चालत होता. वाटेतल्या एका मुक्कामावरून थॉमसने आपल्या आईस निरोपाचे पत्र लिहिले. ते पत्र तिच्या हाती पडले नाही. पुढे ते बापाच्या अंगावरच्या कपड्यांत सापडले.

बंधुभगिनींनो, ह्या सव्वीस जणांची चित्रे आपण पाहतो ती क्रूसावरची. टेकडी, क्रूसांची रांग आणि भाले. पण क्रूसावरचा तो प्रसंग फार वेळ चालला नाही. महिना लागला तो वाटेला. रोज पहाटे उठावयाचे, सुजलेल्या पायांवर उभे राहावयाचे, आणि पुन्हा मरणाच्या दिशेने चालू लागावयाचे. धर्म सोडतो एवढे म्हणावयाचे तर ते कोणत्याही मुक्कामावर म्हणता आले असते. म्हणून आम्ही असे समजतो की हे लोक नागासाकीच्या टेकडीवर रक्तसाक्षी झाले खरे, पण त्यांचा रोजचा क्रूस त्यांनी त्या वाटेवर उचलला होता. आपल्यापैकी बहुतेकांना टेकडी लाभणार नाही. वाट मात्र सर्वांना आहे.

५ फेब्रुवारी १५९७ रोजी ते नागासाकीच्या निशिझाका टेकडीवर पोहोचले. क्रूस अगोदरच जमिनीवर मांडून ठेवले होते. त्या दिवसाच्या वृत्तान्तात गोन्सालोविषयी एक लहानशी गोष्ट सांगितली आहे, आणि आमच्या मते त्याचे सारे चरित्र तीत आले आहे. तो सर्वांच्या आधी पुढे गेला, सरळ एका क्रूसाजवळ जाऊन उभा राहिला आणि हा आपलाच का, असे त्याने विचारले. नाही, असे उत्तर मिळाले. त्याला दुसऱ्या क्रूसाकडे नेण्यात आले. तेथे त्याने गुडघे टेकले आणि त्या क्रूसाला मिठी मारली.

जन्मभर हेच झाले होते. त्याने एक क्रूस निवडला, देवाने दुसरा दिला. येशूसंघ मागितला, दुकान मिळाले. मागे टाकलेली जपानी भाषा दुसऱ्याच कामासाठी पुन्हा जिभेवर आली. आणि प्रत्येक वेळी, हा नाही तर तो, असे म्हणून त्याने दिलेल्याला मिठी मारली.

आपल्यात एक म्हण आहे, पदरी पडले पवित्र झाले. नाइलाज झाला की आपण ती म्हणतो आणि उसासा टाकतो. गोन्सालोने हे केले नाही. पदरी पडल्याने काहीच पवित्र होत नाही. दगडही पदरी पडतो. पदरी आलेले देवाच्या प्रीतीसाठी जवळ घेतले, तरच ते पवित्र होते. सोसणे गुरांनाही चुकत नाही. सोशीत असता प्रेम करणे, हे ख्रिस्ताच्या शिष्याचे लक्षण होय. त्याच टेकडीवर पौलो मिकी ह्या येशूसंघीय बंधूने क्रूसावरून लोकांना उपदेश केला आणि आपल्याला मारणाऱ्यांना क्षमा केली. लुईला त्या अधिकाऱ्याने, धर्म सोडशील तर जीव वाचेल, असे सुचविले. त्या पोराने ते नाकारले.

आता आम्ही अशा एका गोष्टीविषयी बोलणार आहो की जी बोलण्यास आम्हांस संकोच वाटतो. क्रूस हा शब्द आपण धर्मगुरूंनी आणि घरातल्या वडीलधाऱ्यांनी फार स्वस्त केला आहे. कोणी रडत आले की, हा तुझा क्रूस आहे, सोस, एवढे म्हणून आपण मोकळे होतो. आम्हीही असे मोकळे झालेलो आहो. आम्ही नवखे धर्मगुरू असताना एका धर्मग्रामात एक मावशी होत्या. त्यांचे यजमान अर्धांगवायूने वर्षानुवर्षे अंथरुणास खिळलेले. आम्ही पवित्र कोम्युनियन घेऊन गेलो असता त्यांनी आपला शीण बोलून दाखविला. आम्ही सेमिनरीत शिकलेले सारे ज्ञान एका वाक्यात सांगितले, "मावशी, हा तुमचा क्रूस आहे, शांतपणे वाहा." त्यांनी पदराने डोळे पुसले आणि म्हणाल्या, "फादर, क्रूस आहे हे मला ठाऊक आहे. पण प्रभूच्या क्रूसाला हात लावायला निदान एक सिमोन तरी आला होता."

आम्हांस उत्तर सुचले नाही. त्या रात्री झोपही लागली नाही. पुढच्या आठवड्यापासून आम्ही आणि धर्मग्रामातले दोघे तरुण पाळीपाळीने त्या खाटेजवळ बसू लागलो, आणि कित्येक महिन्यांनंतर त्या मावशी रविवारच्या मिस्साला देवळात आल्या. क्रूसाविषयीचा धडा आम्ही पुस्तकातून घेतला होता. तो पक्का त्यांच्याकडून झाला.

म्हणून आठवा, गोन्सालो व त्याचे सोबती कुष्ठरोग्यांकडे गेले तेव्हा त्यांनी, हा तुमचा क्रूस आहे, एवढे सांगून पाठ फिरविली नाही. त्यांनी रुग्णालये उघडली. दुसऱ्याच्या खांद्यावरचा भार दिसला की तो हलका करणे हे आपले कर्तव्य, आणि त्या कर्तव्यापायी जो थकवा, जी झीज, जो अपमान आपल्या वाट्यास येतो, तो आपला क्रूस. दुखणे आले तर औषध घ्यावे, अन्याय होत असेल तर दाद मागावी; यात प्रभूचा अवमान नाही. नवरा दारू पिऊन हात उगारतो आणि घरची माणसे सुनेला सांगतात, हा तुझा क्रूस आहे. आम्ही ह्या वेदीसमोर उभे राहून स्पष्ट सांगतो, तो तिचा क्रूस नव्हे. ते त्या नवऱ्याचे पाप आहे, आणि ते पाहून गप्प राहणाऱ्या शेजाऱ्यांचेही आहे. क्रूस वाहावा असे प्रभूने सांगितले. तो दुसऱ्याच्या खांद्यावर लादावा असे सांगितले नाही. लादणारे तेथे दुसरे होते.

मग आपला क्रूस कोणता? जो चांगले करू गेल्यामुळे वाट्यास येतो आणि जो खाली टाकला तर प्रीती मोडते, तो. विहिरीचे पाणी मचूळ झाले तरी बापाची वाडी हिरवी राखणारा आणि पहाटेच्या पहिल्या लोकलने फुलांची टोपली दादरला नेणारा शेतकरी तो वाहत आहे. रात्रपाळी करून आलेली आणि घरी म्हाताऱ्या सासूचे अंथरूण बदलणारी परिचारिका तो वाहत आहे. लाच घेत नाही म्हणून ज्याची बढती अडली, तो तरुण वाहत आहे. मुले परदेशी गेली, घर मोठे झाले आणि सायंकाळची रोझरी एकटीनेच म्हणावी लागते, ती आजी वाहत आहे. ह्यांच्यापैकी कोणी हा क्रूस मागितला नव्हता. कदाचित त्यांनीही प्रथम दुसऱ्याच क्रूसाजवळ जाऊन, हा माझा का, असे विचारले असेल.

आणि एक क्रूस असा आहे की तो आपल्या दारात पडून आहे, पण कोणी उचलत नाही. जुबिली ह्या शब्दाचा मूळ अर्थ आपण विसरलो आहो. जुन्या करारात, लेवीय ग्रंथाच्या पंचविसाव्या अध्यायात, पन्नासावे वर्ष पवित्र मानावे असा नियम आहे. त्या वर्षी रणशिंग फुंकावयाचे, बांधलेल्या माणसाला मोकळे करावयाचे, आणि ज्याची जमीन त्याला परत द्यावयाची. म्हणजे जुबिली घेण्याने होत नसे, सोडण्याने होत असे. आपले हे पन्नासावे वर्ष आहे. बँड आपण आणला आहे. पण ह्या धर्मग्रामात वीतभर बांधासाठी भाऊ भावाशी बोलत नाही, एकाच्या घरचे लग्न असता दुसऱ्याची खिडकी लावलेली असते, आणि दोघेही रविवारी ह्याच देवळात वेगवेगळ्या बाजूंस बसतात, हे आम्हांस ठाऊक आहे. त्यांना आम्ही विनवितो, उद्याच्या मिस्साच्या आधी एकाने उठून दुसऱ्याच्या दारी जावे. कोण बरोबर आणि कोण चूक, ते आम्ही विचारीत नाही. बरोबर असणाऱ्यानेच आधी जावे, कारण त्याला जाणे अधिक जड आहे. आपला बरोबरपणा सोडणे हा फार भारी त्याग आहे. परंतु प्रभू निरपराध असताही आपल्याकडे आधी तोच आला.

अशा त्यागाचे फळ काय, असे कोणी विचारील. फळ आपल्याला दिसेलच असे नाही. गोन्सालो मेला तेव्हा क्योतोतले काम मोडून गेले होते. पुढे १६१४ साली साऱ्या जपानात ख्रिस्ती धर्मावर बंदी आली, आणि काही वर्षांनी त्या देशात एकही धर्मगुरू उरला नाही. जगाच्या हिशेबाने सव्वीस जणांचे मरण व्यर्थ गेले. पण दोन शतकांहून अधिक काळ तेथल्या गरीब शेतकऱ्यांनी व कोळ्यांनी घराघरांत लपून प्रार्थना जपल्या, आणि आपणच एकमेकांच्या बाळांना स्नानसंस्कार दिला. १८६२ साली पोप नववे पायस ह्यांनी त्या सव्वीस रक्तसाक्ष्यांस संत म्हणून घोषित केले. त्यानंतर तीन वर्षांच्या आत नागासाकीस ओउरा येथे त्यांच्याच नावाने देऊळ उभे राहिले. १७ मार्च १८६५ रोजी उराकामी गावची काही माणसे त्या देवळाच्या दाराशी आली. त्यांच्यातील एका स्त्रीने फ्रेंच धर्मगुरूजवळ येऊन हळूच सांगितले की आमच्याही अंतःकरणात तोच धर्म आहे, आणि मग तिने पवित्र मरियेची मूर्ती कोठे आहे असे विचारले. गोन्सालोला मरून तेव्हा २६८ वर्षे झाली होती.

आपल्या भागासही हा अनुभव नवा नाही. १७३९ साली वसईचा किल्ला पडला, राज्य बदलले, किल्ल्यातली मोठी देवळे ओस पडली. धर्म राहिला तो झावळ्यांच्या घरांतून, आयांच्या ओठांवरून, आणि मोजक्या देशी धर्मगुरूंच्या पायपिटीतून. त्यांना आपली आजची जुबिली दिसली नव्हती. भात पेरणाऱ्याला दाणा मातीत जाताना दिसतो. लोंबी पुष्कळदा नातवंडे पाहतात.

प्रिय धर्मग्रामस्थांनो, ह्या देवळाची शताब्दी होईल तेव्हा आम्ही नसू, आणि येथे बसलेल्यांपैकी पुष्कळजण नसतील. त्या दिवशी कोणी धर्मगुरू ह्याच ठिकाणी उभा राहील आणि ज्यांची नावे वहीत नाहीत अशांचे स्मरण करील. त्या बिननावाच्या माणसांत आपण असावे, ही ह्या जुबिलीची आमची मागणी आहे.

हे प्रभो, आम्ही निवडलेले क्रूस तू आमच्यापासून काढून घेतोस तेव्हा आम्हांस कडू होऊ देऊ नको. तू दिलेला क्रूस ओळखण्यास डोळे दे, त्यास मिठी मारण्यास बळ दे, आणि शेजाऱ्याचा क्रूस जड झालेला दिसेल तेव्हा आम्हांस सिमोन कर. संत गोन्सालो, तू आमच्या गावचा; आमच्यासाठी विनंती कर. आमेन.